ठसा कुणाचा, अक्षर कुणाचं: मुखपृष्ठावर आफ्रिकी चिन्हं आणि लिप्या आणताना

परदेशात भारताविषयीचं एखादं इंग्रजी पुस्तक दिसतं. शीर्षक रोमन लिपीत असतं, पण प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक आडवी रेघ ओढलेली असते, जेणेकरून ते 'भारतीय' वाटावं. सोबतीला मेंदीचा हात, साडीचा पदर किंवा आंबा असतोच. देवनागरी वाचणाऱ्या माणसाचा डोळा ती अक्षरं आधी देवनागरी म्हणून वाचायला जातो आणि हाती काहीच लागत नाही. शिरोरेषा कुठे तुटते, का तुटते, काना तिला कसा लटकतो, यातलं काहीही न बघता कुणीतरी ती नुसती वरून चिकटवलेली असते.

आफ्रिकेच्या वाट्याला हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर आला. २०१४ साली आफ्रिकेशी संबंधित पुस्तकांची मुखपृष्ठं शेजारी शेजारी लावलेलं एक चित्र इंटरनेटवर फिरलं. लेखक वेगळे, प्रकाशक वेगळे, कथा घडते ते देशही वेगळे. मुखपृष्ठ मात्र जवळपास एकच: केशरी मावळतं आकाश आणि त्यावर बाभळीच्या कुळातल्या एका झाडाची काळी, सपाट छत्री. ५४ देशांचा, दीड-दोन हजार भाषांचा खंड त्या एका झाडाखाली बसवला गेला होता.

या झाडाबरोबर बहुतेक वेळा एक ठरावीक अक्षरही, म्हणजे फॉन्टही, येतं. जाड, ओबडधोबड, लाकडात कोयत्यानं कोरल्यासारखं. सफारीच्या जाहिराती, प्राणिसंग्रहालयाच्या पाट्या, जंगलातल्या साहसकथा, सगळीकडे ते दिसतं. त्याचं नाव नॉयलांड. रुडॉल्फ कोख या जर्मन अक्षरकारानं ते १९२३ साली ऑफेनबाखच्या क्लिंगश्पोर या छपाईची अक्षरं बनवणाऱ्या कारखान्यासाठी घडवलं. आधी कागदावर रेखाटन न करता त्यानं अक्षरं थेट धातूत कापली, म्हणून त्यांच्या कडा अशा रांगड्या आहेत. आफ्रिकेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. असंच वापरलं जाणारं दुसरं अक्षर म्हणजे लिथोस. कॅरोल ट्वॉम्ब्ली यांनी ते १९८९ साली अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीसाठी केलं आणि त्याची प्रेरणा प्राचीन ग्रीक शिलालेखांची होती. जगभर ज्यांना लोक डोळे झाकून 'आफ्रिकी अक्षरं' म्हणतात, त्यातलं एक जर्मन आणि दुसरं ग्रीक दगडांवरून आलेलं. अमेरिकी डिझायनर रॉब जिआम्पिएत्रो यांनी २००४ च्या सुमारास या दोन फॉन्टांवर निबंध लिहून हा प्रवास मांडला. अक्षर ओबडधोबड आहे, म्हणून ते 'आदिम' माणसांचं असणार, असा अपमानकारक समज या वापरामागे आहे. मला या विषयात सर्वांत जास्त खटकते ती हीच गोष्ट, कारण ज्या खंडावर हे अक्षर लादलं गेलं, तिथे स्वतःच्या लिप्या भरपूर आहेत.

झिम्बाब्वेचे डिझायनर साकी माफुंडिक्वा यांनी या लिप्यांचा पाठपुरावा आयुष्यभराचं काम म्हणून केला. येल विद्यापीठात शिकून, न्यूयॉर्कमध्ये नोकरी करून ते हरारेला परतले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे त्यांनी ग्राफिक डिझाइनची शाळा काढली. आफ्रिकेतल्या लिप्यांच्या इतिहासावरचं त्यांचं पुस्तक २००४ साली आलं. आफ्रिकेच्या डिझायनरनं आधी आपल्या घरात शोधावं, हा त्यांचा आग्रह आहे. बाहेरच्या डिझायनरनं त्यातून काय घ्यायचं, हा या लेखाचा विषय.

नक्षी, चिन्ह आणि लिपी

या तीन गोष्टींची सरमिसळ झाली की मुखपृष्ठ बिघडायला सुरुवात होते. नक्षी म्हणजे आकृत्यांची पुनरावृत्ती. मालीचं चिखलानं रंगवलेलं बोगोलान कापड, घानाचं विणलेलं केंटे, काँगोतल्या कुबा लोकांचं ताडाच्या धाग्यांचं कापड ही तिची उदाहरणं. नक्षीलाही अर्थ असतो, पण तो सहसा अख्ख्या कापडाचा असतो, ते कुणी आणि कधी नेसायचं याचा असतो. चिन्ह म्हणजे स्वतंत्रपणे अर्थ सांगणारी एक आकृती. आणि लिपी भाषा लिहिते: आवाज, शब्द, वाक्य. लिपीत चूक झाली तर वाचणारा ती चूक वाचतो.

नक्षीच्या बाबतीत एक गुंता आधीच सांगून टाकतो. 'आफ्रिकन प्रिंट' म्हणून ज्या भडक, मेणछपाईच्या कापडाचे तुकडे सर्रास मुखपृष्ठांवर लावले जातात, ते मूळचं जावा बेटावरच्या बाटिकची नक्कल करणारं डच कापड आहे. १८४६ साली नेदरलँड्समधल्या हेल्मंड गावात सुरू झालेली व्लिस्को कंपनी आजही ते बनवते. पश्चिम आफ्रिकेतल्या बायकांनी हे कापड आपलंसं केलं, नमुन्यांना स्वतःची नावं दिली, सण-समारंभात त्याला मान दिला. त्यामुळे आता ते त्यांचंच आहे. पण १७ व्या शतकातल्या आफ्रिकेवरच्या पुस्तकाला ते कापड लावलं तर काळ साफ चुकतो.

भोपळ्यात कोरलेली म्हण

चिन्हांमध्ये सर्वांत जास्त उचलली जातात ती अडिंक्रा चिन्हं. ती घानातल्या अकान लोकांची, त्यातही विशेषतः असांते लोकांची. कुमासी शहराजवळच्या न्टोन्सो गावात आजही ती कापडावर छापली जातात. ही छपाई कशी होते ते समजलं की चिन्ह बघण्याची नजरच बदलते.

वाळलेल्या भोपळ्याच्या कवचाचा तुकडा घ्यायचा आणि त्यावर चिन्ह कोरायचं. मागे काड्या बांधून मूठ करायची. बादी नावाच्या झाडाची साल भिजवून, कुटून, तासन् तास उकळायची; त्यातून डांबरासारखी दाट काळी शाई निघते. जमिनीवर ताणून ठेवलेल्या कापडावर लाकडी फणीनं समांतर रेघा ओढून चौकोन पाडायचे आणि एकेका चौकोनात एकच चिन्ह ओळीनं ठसवत जायचं. भोपळ्याचं कवच किंचित गोलाकार असल्यामुळे ठसा एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे झुलवावा लागतो. म्हणून प्रत्येक ठसा थोडा वेगळा उमटतो. कुठे शाई जास्त, कुठे कड पुसट. अडिंक्रा चिन्हांना जाड रेषा, गोलसर वळणं आणि मोकळ्या पोकळ्या का आहेत, याचं उत्तर भोपळा आणि त्या दाट शाईत आहे. बारीक रेघ त्या कवचावर टिकणारच नाही.

टॉमस बाउडिच या इंग्रजानं १८१७ साली कुमासीत मिळवलेलं अडिंक्रा कापड ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. म्हणजे ही छपाई किमान २०० वर्षांची आहे. हे कापड परंपरेनं प्रामुख्यानं अंत्यविधीला नेसलं जाई. गडद तांबूस किंवा काळं कापड शोकाचं. पांढऱ्यावर छापलेलं आनंदाच्या प्रसंगाचं. मुखपृष्ठाची पार्श्वभूमी निवडताना हा भेद माहीत असायला हवा.

प्रत्येक चिन्हामागे एक म्हण किंवा विचार असतो. सान्कोफा म्हणजे मान मागे वळवलेला पक्षी. मागे राहिलेलं परत जाऊन घेऊन येण्यात वावगं काही नाही, असं तो सांगतो. 'ग्ये न्यामे' म्हणजे देवावाचून काही नाही. पोट एकच आणि तोंडं दोन असलेल्या मगरींचं चिन्ह आहे: अन्न एकाच पोटात जाणार, तरी दोघी घासासाठी भांडतात. आया म्हणजे नेच्याचं पान, चिवटपणाचं. आणि एक साधी शिडी आहे, 'ओवुओ अत्वेदे'. ती मृत्यूची शिडी. ज्याला त्याला कधी ना कधी चढावीच लागणारी.

ही शिडी मी मुद्दाम सांगितली. समजा, घानामधल्या एका होतकरू तरुणीच्या यशाची कथा आहे आणि मुखपृष्ठकार चिन्हांच्या तक्त्यात बघतो. शिडी दिसते. प्रगती, वर चढणं, किती चपखल! इंटरनेटवरून फाइल उतरवली, सोनेरी केली, मधोमध ठेवली. घानाचा कुणीही वाचक ते पुस्तक हातात घेऊन आधी विचारेल, हिचं निधन कधी झालं? आकार समजला म्हणजे अर्थ समजला असं नाही. तक्त्यातलं नाव आणि शेजारचा एक शब्दही पुरत नाही. कमीत कमी त्या चिन्हाची पूर्ण म्हण, ते कुठल्या प्रसंगी छापलं जातं आणि कुणी वापरतं, एवढं कळल्याशिवाय त्याला हात लावू नये.

अडिंक्रा ही बंद पेटी मात्र नाही. ठसे कोरणाऱ्यांनी वेळोवेळी नवी चिन्हं जोडली; मर्सिडीज-बेंझ गाडीच्या चिन्हाचाही ठसा झाला. परंपरा जिवंत असते ती अशी. पण नवी भर घालण्याचा अधिकार त्या कारागिरांचा आहे. मुंबईत किंवा लंडनमध्ये संगणकापुढे बसून कुणी दोन चिन्हं एकमेकांत मिसळून 'नवं अडिंक्रा' करायला लागला, तर ते शब्दकोश न उघडता नवी म्हण पाडण्यासारखं होईल.

घानाचा २००५ चा कॉपीराइट कायदा लोककलेला संरक्षण देतो, आणि त्यात केंटे व अडिंक्रा नमुन्यांचा नावानिशी उल्लेख आहे. घानाच्या सीमेबाहेर तो कायदा फारसा चालत नाही, हे खरं. तरीही चिन्हं 'कुणाचीच नाहीत, म्हणून फुकट' असं म्हणणाऱ्यानं तो वाचावा.

सगळ्यांना न दाखवायची चिन्हं

नायजेरियाचा आग्नेय कोपरा आणि त्याला लागून असलेला कॅमेरूनचा भाग, म्हणजे क्रॉस नदीचा प्रदेश. इथे न्सिबिदी नावाची चिन्हव्यवस्था आहे. एकमेकांत अडकलेल्या दोन कमानी म्हणजे प्रेम किंवा लग्न; त्याच कमानी एकमेकींकडे पाठ करून मधे रेघ आली की भांडण, काडीमोड. वसाहतकाळात मॅक्सवेल आणि मॅक्ग्रेगर या ब्रिटिशांनी १९०४ आणि १९०९ च्या सुमारास तिच्या नोंदी केल्या. मॅक्ग्रेगरच्या नोंदींत तर एका खटल्याचा अख्खा वृत्तान्त न्सिबिदीत आहे.

या चिन्हांचा मोठा भाग एक्पे नावाच्या बिबट्याच्या संप्रदायाशी जोडलेला आहे. संप्रदायाचे लोक नेसतात ते निळीनं रंगवलेलं उकारा कापड न्सिबिदीनं भरलेलं असतं. काही चिन्हं सगळ्यांना ठाऊक असतात, तर काहींचा अर्थ दीक्षा घेतलेल्यांनाच कळतो आणि तिथेही पायरीपायरीनं. म्हणजे इथे प्रश्न नुसता चुकीच्या अर्थाचा नाही. आपण जे छापतोय ते छापायला परवानगी आहे का, हा आहे. कापडाच्या छायाचित्रावरून ओळच्या ओळ उचलणाऱ्याला त्यातलं कुठलं चिन्ह उघड आहे आणि कुठलं गुप्त, हे कळण्याचा मार्गच नाही.

मग हात जोडून बाजूला व्हायचं का? व्हिक्टर एक्पुक यांचं काम यावर चांगलं उत्तर देतं. १९६४ साली नायजेरियात जन्मलेले एक्पुक इफेच्या विद्यापीठात शिकले आणि पुढे लेगॉसमधल्या डेली टाइम्स या वृत्तपत्रात चित्रकार होते. न्सिबिदी कशी बनते, रेघ आणि कमान यांच्यातून विचार कसा उभा राहतो, हे त्यांनी आत्मसात केलं. त्यातून त्यांनी स्वतःच्या खुणांची भाषा उभी केली. त्यांच्या चित्रांत पृष्ठभाग भरून जातो, पण त्यातलं फार थोडं जुन्या न्सिबिदीत सापडेल. बाकीचं त्यांच्या हातचं आहे. त्या मातीतला माणूससुद्धा एवढी काळजी घेतो. बाहेरच्यानं अशा प्रदेशातल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ करताना तिथल्याच चित्रकाराला काम द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला काही पर्याय मला दिसत नाही.

लिपी: ती वाचणारे लोक आहेत

आता लिप्या. लिपी 'शोधणं' हा पश्चिम आफ्रिकेत गेल्या दोन शतकांत झालेला एक विलक्षण प्रकार आहे. लायबेरियात मोमोलू दुवालू बुकेले यांनी १८३० च्या दशकात वाई भाषेसाठी अक्षरमाला केली. कॅमेरूनमधल्या फुम्बानचा राजा न्जोया यानं १८९६ च्या सुमारास सुरुवात केली ती सुमारे ५०० चित्रचिन्हांनी. पुढच्या चौदाएक वर्षांत त्यानं ती पुन्हा पुन्हा घोटली आणि १९१० पर्यंत ८० ध्वनिचिन्हांवर आणली. त्याच्या हयातीतच ही लिपी चित्रापासून अक्षरापर्यंत पोहोचली. अक्षररचनेच्या विद्यार्थ्यानं या टप्प्यांची हस्तलिखितं शेजारी ठेवून बघावीत. आकार सोपा होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

मराठी वाचकाला सर्वांत लवकर ओळखीची वाटेल ती इथिओपियाची गीझ लिपी. आज अम्हारिक आणि तिग्रिन्या भाषा तिच्यात लिहिल्या जातात. तिला अक्षरशः बाराखडी आहे, फक्त ती साताची: प्रत्येक व्यंजनाची सात रूपं. 'ल' घेतला तर त्याच्या उजव्या अंगाला मध्यावर छोटी आडवी रेघ आली की 'लु'. तीच रेघ पायाशी आली की 'लि'. पायाशी वेटोळं आलं की 'ले'. काही अक्षरांचा एक पाय लांब किंवा आखूड केला की स्वर बदलतो. चौथ्या शतकात, अक्सूमच्या राज्यात ही स्वरचिन्हं रुळली. आपण उकार-वेलांट्यांना जपतो, तसंच इथे जपावं लागतं. 'शोभेसाठी' अक्षराची कड कापली, ते मुखपृष्ठाच्या काठाबाहेर अर्धं पाठवलं किंवा फार जाड केलं, की ती छोटी रेघ गिळली जाते आणि 'लु' चा 'ल' होतो. वाचणाऱ्याला ते मुद्रणदोष म्हणूनच दिसणार.

गीझ हस्तलिखितं बोरूनं, चर्मपत्रावर लिहिली जात. शाई काळी, आणि पवित्र नावं, आरंभाच्या ओळी लाल. प्रकरणाच्या सुरुवातीला वेलींसारख्या गुंफलेल्या पट्ट्यांची चौकट असते, तिला हरग म्हणतात. उभे दांडे ठसठशीत आणि अक्षरं एकमेकांना न जोडता सुटी उभी. बोरूचं सुलेखन आपल्याकडेही आहे. त्यामुळे इथिओपियावरच्या एखाद्या मराठी पुस्तकाचं शीर्षक करायचं असेल तर सुलेखनकाराकडे खरा मार्ग आहे. गीझ अक्षरांचे आकार देवनागरीवर लादण्याऐवजी त्या हस्तलिखितांची शिस्त घ्यायची: तोच रुंद तोंडाचा बोरू, उभा दांडा जड, काळ्याबरोबर मोजकं लाल, भोवती ऐसपैस मोकळी जागा. देवनागरी देवनागरीच राहते, आणि पानाला त्या लेखनपरंपरेचं वजन येतं.

न्को लिपीचं उदाहरण याच्या उलट बाजूनं शिकवतं. गिनीच्या सोलोमाना कांते यांनी ती १९४९ साली मांदे कुळातल्या भाषांसाठी केली. ती उजवीकडून डावीकडे लिहितात आणि अक्षरं तळाच्या रेषेवर एकमेकांना जोडली जातात. देवनागरीची रेषा डोक्यावर, हिची पायाशी. हे साम्य दिसल्यावर कुणालाही मोह होईल की मराठी शीर्षकाची शिरोरेषा खाली आणून न्कोची आठवण करून द्यावी. करून बघा, शीर्षक वाचता येणार नाही. सुरुवातीला म्हटलेली रोमन अक्षरांवरची शिरोरेषा आणि ही करामत एकाच जातीची. न्को हवी असेल तर खरी न्को वापरावी: शीर्षकाचं मांदिंका भाषेतलं रूप, जाणकाराकडून लिहून घेतलेलं, मलपृष्ठावर किंवा आतल्या शीर्षकपानावर. आणि संगणकावर उजवीकडून डावीकडे जाणारा मजकूर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उलटा पडतो, अक्षरं सुटी होतात. छपाईला जाण्याआधी ती लिपी वाचणाऱ्या माणसानं अंतिम फाइल बघितलीच पाहिजे.

सर्वांत अलीकडची आणि मला सर्वांत प्रिय गोष्ट अडलाम लिपीची. फुलानी लोकांची पुलार भाषा अरबी किंवा रोमन लिपीत लिहिली जायची, पण तिचे काही आवाज दोन्हींत नीट बसत नसत. १९८९ साली गिनीतल्या इब्राहिमा आणि अब्दुलाये बॅरी या दोन भावांनी, एक १४ वर्षांचा आणि एक १०, स्वतःची लिपी करायला घेतली. डोळे मिटून कागदावर रेघा ओढायच्या, मग डोळे उघडून बरे वाटलेले आकार निवडायचे, अशी त्यांची रीत होती. त्यातून २८ अक्षरं झाली. घरी शिकवलं, बाजारात शिकवलं, हातानं पुस्तकं लिहून वाटली. पुढे अमेरिकेत गेल्यावर इब्राहिमा सुलेखनाच्या वर्गालाही गेले. २०१६ साली ही लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक मानकात, आली आणि मोबाइलवर पोहोचली. २०२३ मध्ये आलेल्या अडलाम डिस्प्ले या फॉन्टमध्ये फुलानी वस्त्रांच्या नक्षीचा विचार अक्षरांच्या घडणीत आणला आहे, आणि तो मोफत मिळतो. आफ्रिकी नक्षीवरून अक्षर कसं घडवावं याचा नमुना बघायचा तर हा फॉन्ट बघावा: नक्षीनं अक्षराला वळण दिलं आहे, पण वाचनाला कुठे अडथळा केलेला नाही.

रोमन लिपीत लिहिल्या जाणाऱ्या आफ्रिकी भाषांकडेही लक्ष हवं. योरुबा भाषेत अक्षरांखाली टिंबं आणि वर सुरांच्या खुणा असतात. आपल्याला 'ओको' असा एकच ऐकू येणारा शब्द नुसत्या सुरांनी नवरा, कुदळ, गाडी किंवा भाला होतो. केनियातल्या गिकुयू भाषेत स्वरांवर नागमोडी रेघ असते आणि तिनं स्वर बदलतो; त्या भाषेचं नाव तिचे लोक 'गेकोयो' च्या जवळ उच्चारतात. अनेक देखण्या फॉन्टांमध्ये या खुणाच नसतात. मग मुखपृष्ठकार त्या गाळतो, किंवा त्या एका अक्षरासाठी दुसराच फॉन्ट येतो आणि लेखकाच्या नावात एक दात वेगळा दिसतो. फॉन्ट निवडायच्या आधी लेखकाचं नाव त्यात पूर्ण लिहून बघावं. मराठी अनुवादाच्या मुखपृष्ठावर नाव देवनागरीत येतं, तेव्हा इंग्रजी स्पेलिंगवरून न लिहिता त्या लेखकाची एखादी मुलाखत ऐकून लिहावं.

जागेतून आलेलं अक्षर

चिन्हं आणि लिप्या यांच्या पलीकडेही एक वाट आहे. जोहान्सबर्गचं संवैधानिक न्यायालय जुन्या किल्ल्यातल्या तुरुंगाच्या जागेवर उभं आहे. तिथे गांधीजींनाही ठेवलं होतं आणि पुढे मंडेलांनाही. २००४ साली खुल्या झालेल्या या इमारतीसाठी दरबानचे डिझायनर गार्थ वॉकर यांना अक्षर करायचं होतं. ते तुरुंगाच्या कोठड्यांत हिंडले. कैद्यांनी भिंतींवर कोरलेली नावं, खुणा, तारखा, पहारेकऱ्यांच्या हातानं रंगवलेल्या पाट्या यांची छायाचित्रं घेतली आणि त्या हातांवरून न्यायालयाचं अक्षर घडवलं. एकही पारंपरिक चिन्ह न वापरता ते अक्षर पूर्णपणे दक्षिण आफ्रिकेचं आहे. आफ्रिकेवरच्या पुस्तकांची मुखपृष्ठं करणाऱ्यानं हा धडा घ्यावा असं मला मनापासून वाटतं. कुमासीच्या रंगवलेल्या दुकानपाट्या, नैरोबीच्या मटाटू बसवरची अक्षरं, बाजारातल्या पोत्यांवरचे छाप हीसुद्धा आफ्रिकी अक्षरकला आहे, आणि आजच्या शहरी कादंबरीला ती पुरातन चिन्हापेक्षा जास्त शोभते.

आपल्याकडचं एक उदाहरण घेतो. समजा, मलिक अंबरवरच्या मराठी पुस्तकाचं मुखपृष्ठ करायचं आहे. जन्म इथिओपियातला, म्हणून आफ्रिकी काहीतरी हवं, असा विचार पहिल्यांदा मनात येणारच. अडिंक्रा चिन्ह किंवा केंटेचा पट्टा लावला, तर तो घानाचा. इथिओपियापासून चार हजार किलोमीटरहून जास्त लांब. गीझ लिपी इथिओपियाची खरी, पण ती तिथल्या ख्रिस्ती राज्याची आणि मठांची. लहानपणी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या, इस्लाममध्ये वाढलेल्या, बगदादमार्गे दख्खनला आलेल्या या माणसाचं सगळं कर्तृत्व फारसी आणि दख्खनी जगातलं. १६१० मध्ये त्यानं खडकी (पुढचं औरंगाबाद) वसवली, तिला नहरीनं पाणी दिलं, १६२६ मध्ये तो वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. मोगल चित्रकार हाशिम यानं काढलेल्या त्याच्या व्यक्तिचित्रात काळ्यासावळ्या चेहऱ्याचा, साधा पांढरा जामा घातलेला, ताठ उभा माणूस दिसतो. त्या पुस्तकाला ते चित्र, नहरीचा नकाशा किंवा फारसी सुलेखनाचा एक फलक पुरेसा आहे. त्याची आफ्रिका त्या चेहऱ्यात आहे. शेजारी आणखी चिन्ह लावायची गरज नाही.

घाईच्या कामातही पाळता येतील अशा एक-दोन गोष्टी आहेत. कथा कुठल्या देशात, कुठल्या लोकांत, कुठल्या दशकात घडते हे मुखपृष्ठकाराला पुस्तक वाचूनच कळतं. दोन ओळींच्या सारांशावरून कळत नाही. प्रकाशकांनी तेवढा वेळ आणि तेवढं मानधन द्यायला हवं. चिन्ह घेतलं तर त्याची साधनं समजून घ्यावीत. अडिंक्रासारखं वळण मराठी शीर्षकाला हवं असेल तर संगणकात 'जुनाट' परिणाम लावण्यापेक्षा अक्षरं खरोखर लिनोत (ठसे कोरायच्या लिनोलियमच्या तुकड्यात) किंवा रबरात कापून दाट शाईनं छापून बघावीत. कापताना वेलांटी आणि उकाराची पोकळी बुजू देऊ नये. 'ध' आणि 'घ' तिथेच घोटाळा करतात. लेसोथोच्या बायका ओल्या गिलाव्यात बोटांनी, काट्यांनी समांतर चर ओढून भिंती सजवतात, त्याला लितेमा म्हणतात; तो पोत हवा असेल तर ओल्या मातीत ओढून त्याचं छायाचित्र घ्यावं, म्हणजे हाताचा दाब त्यात उतरतो.

आणि पुस्तकाच्या श्रेयपानावर, जिथे मुखपृष्ठकाराचं नाव आणि छपाईचा तपशील येतो, तिथे एक ओळ वाढवावी: चिन्हाचं नाव, ते कुठल्या लोकांचं, त्याची म्हण, आणि ते कुणाच्या ठशावरून किंवा रेखाटनावरून घेतलं. न्टोन्सोच्या कारागिराकडून कापड किंवा ठसा विकत घेऊन त्यावरून काम केलं असेल तर तसं लिहावं, आणि त्याला पैसे देताना ते मुखपृष्ठावर छापलं जाणार आहे हे आधी सांगावं.